तुझा शोध, माझी काकी

रत्ने, तुझ्या पुण्यानुमोदनाला मी पांढरी साडी नेसून आले होते आणि मागच्या रांगेत बसले होते. महाळुंग्यात तुमच्या दारात मांडव घातला होता. वंदना झाली, तुझ्या फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या आणि मग तुझे पुण्याचे सहकारी एकेक करून बोलायला उठले. व्यवस्थापनशास्त्राला तू काय दिलंस, तुझा निबंध परदेशातल्या परिषदेत कसा गाजला, तुझी दृष्टी, तुझी पद्धत. तुमच्या आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. शेवटी माझं नाव पुकारलं. "आता मॅडमच्या बालमैत्रीण शैलाताई दोन आठवणी सांगतील."

आठवणी! म्हणजे बाकीच्यांनी विचार मांडायचे आणि मी आठवणी सांगायच्या. बालमैत्रीण तरी कुठली, आपण भेटलो अकरावीत. आणि डॉक्टरेट माझीही आहे गं. त्याच विद्यापीठाची, त्याच विषयातली, नाव तर तुझ्याआधी नोंदवलेलं. पण मी उठले, तुझ्या दोन वेण्यांबद्दल आणि डब्यातल्या ठेच्याबद्दल काहीबाही बोलले आणि खाली बसले. सगळे हळहळले. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तोही तुझाच. मेलीस तीसुद्धा माझ्याआधी. आता लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलणार आणि मला मान डोलवत बसावं लागणार.

म्हणून हे लिहितेय. मांडवात जे बोलता आलं नाही ते. आपलं भांडण तू अर्ध्यात टाकून गेलीस, आणि माझ्या बाजूचं अजून पुष्कळ बोलायचं राहिलंय.

मला तुझा हेवा वाटायचा, हे तुला माहीत होतं. मी कधी लपवलं नाही आणि तू कधी समजूत काढली नाहीस. मंचरला कॉलेजात मी आमच्या पेठ गावावरून घाट उतरून यायचे, तू महाळुंग्याहून. मी आदल्या दिवशी पाठ करून आलेलं उत्तर तू वर्गात बसल्या बसल्या तयार करायचीस. अकाउंट्सचे सर फळ्यावर चुकले तर आधी तुझ्याकडं बघायचे. आमच्या घरी तुझं नाव इतकं निघायचं की माझा भाऊ तुला न बघताच तुझ्यावर चिडलेला होता. "रत्नाला बघ जरा," हे वाक्य आमच्या आण्णांनी किती वेळा माझ्या तोंडावर फेकलं असेल! तू आमच्याकडं पहिल्यांदा आलीस तेव्हा भावानं दारातून तुला नीट निरखलं आणि आत येऊन मला म्हणाला, "हीच का ती? मला वाटलं लई उंच आसंल."

पण अभ्यासातला हेवा वयाबरोबर बोथट होतो. नोकऱ्या लागल्या, मी तालुक्याला कॉलेजात, तू पुण्यात. माझी लग्नाची गडबड, तुझी भाड्याची खोली. खरी जळजळ सुरू झाली ती पुढं, नव्वदीच्या मध्याला, मी तुला काकीच्या शेडमध्ये नेलं तेव्हापासून.

आठवतं ना, माझा प्रबंधाचा विषय ठरलेला होता: तालुक्यातल्या महिला गटांच्या मालाचं विपणन, त्यातल्या समस्या आणि उपाय. तुझा विषय ठरत नव्हता. तुझे मार्गदर्शक तुला नुसती परदेशी पुस्तकं वाचायला देत होते आणि तू कावली होतीस. मी म्हटलं, चल पेठेला, दोन दिवस हवा खा, माझी माहिती गोळा करायला मदत कर. मीच म्हटलं. तुला बोलावून, जेवायला घालून, माझ्या हातानं मी माझा विषय तुझ्यापुढं वाढला.

हौसाकाकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. तिनं गावातल्या बायका जमवून बटाट्याचा चिवडा करायला घेतला होता. आमच्या पठारावर बटाटा उदंड. किसायचा, धुवायचा, तळायचा, त्यात शेंगदाणे, मिरची, हळद, थोडी साखर. शेडमध्ये मधोमध मोठी कढई आणि कढईपाशी शांताबाई. शांताबाई तुमच्या समाजाची, गावातच राहणारी. तिचा हात असा की कीस लालही होत नसे आणि मऊही राहत नसे, म्हणून काकी तिला कढईवरून हलू द्यायची नाही. चहाही तिथंच आणून द्यायची. तू पहिल्या दिवशी हे सगळं बघितलंस आणि काही लिहिलं नाहीस. मूठभर चिवडा घेऊन खात बसलीस. मी मात्र माझ्या प्रश्नावल्या भरून घेत फिरत होते.

चिवडा चांगला होता, पण खपत नव्हता. काकी मंचरला ज्या दुकानदाराकडं माल द्यायची तो माणूस सज्जन, पण त्याचा एकच प्रश्न. तू काउंटरपाशी उभी होतीस तेव्हाही त्यानं तोच विचारला. "काकी, ह्याला ठिवू कुटं? फरसाणात ठिवावं तर तिथं पुन्याच्या मोठ्या पाकिटांची गर्दी. उपासाच्या मालात ठिवावं तर ह्यात हळद हाय. गिऱ्हाईक इचारतं, ह्ये काय हाय? मी काय सांगू?" त्यामुळं चिवडा कुठल्याच फळीवर नव्हता. चहाच्या पुड्यांच्या आड पडलेला असायचा.

काकीनं घरी येऊन एका संध्याकाळी निर्णय घेतला. हळद बंद, साधं मीठ बंद, सैंधव आणलं, पाकिटावर ठळक अक्षरात 'उपवासाचा'. श्रावण तोंडावर होता. साबुदाणा आणि राजगिऱ्याच्या शेजारी पाकिटं लागली आणि माल हातोहात गेला. मी माझ्या प्रबंधात लिहिलं की योग्य स्थान मिळाल्यानं विक्रीत लक्षणीय वाढ झाली. अजून आहे ते पान. वाचताना माझी मलाच झोप येते.

तू पुन्हा आलीस ती नवरात्रात. शेडच्या दारात चपला काढता काढता तू आत बघितलंस आणि पहिलाच प्रश्न केलास, "शांताबाई कुठायत?"

काकी म्हणाली, "हाय की. भाईर नळाव हाय, बटाटं धुतीया."

"कढई सोडली का त्यांनी?"

"धुरानं डोळं चुरचुरत्यात तिचं. म्हनलं बस जरा भाईर."

तू बाहेर गेलीस, मीही मागोमाग आले. शांताबाई पत्र्याच्या सावलीत घमेलं पुढ्यात घेऊन बसली होती. तू डोळ्यांचं विचारलंस तर ती हसायला लागली. "माज्या डोळ्याला काय धाड भरलीया? उपासाचं हाय नव्हं आता. दुकानात बाया इचारत्यात, सोवळ्यानं करत्यात का म्हनून. मंग उगं बोलनी कशाला? काकी काय बोलली न्हाई हां. मीच आपली भाईर आले."

मग तू माझ्याकडं वळलीस आणि विचारलंस, "आणि तू गं? तू कधी बाहेर बसलीस का?" मला आधी कळलंच नाही. मग आठवलं, महिन्यातले चार दिवस काकी मला आणि बाकीच्या बायकांना आत येऊ देत नव्हती. पूर्वी शेडमध्ये असलं काही नव्हतं. मी ते मनावर घेतलं नव्हतं, तेवढीच विश्रांती म्हणून पडवीत बसून प्रश्नावल्या तपासत होते. तू माझ्याकडं अशी बघत राहिलीस की मला कुठंतरी जाऊन तोंड लपवावंसं वाटलं. आणि त्याच वेळी मला कळलं की तुला तुझा विषय मिळाला. माझ्या काकीच्या शेडमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत मिळाला.

पुढं तू जे मांडलंस ते आता लोक तुझ्या नावानं शिकवतात. बाजारात माल नुसता जात नाही, कुठल्या तरी नावाखाली जातो. नाव नसलं की गिऱ्हाईक त्याला हात लावत नाही. म्हणून संस्था एखादं नाव घेते, आणि मग ते नाव संस्थेच्या आत शिरून कामाची वाटणी, माणसांच्या जागा, कोणी आत यायचं, कोणी बाहेर बसायचं, सगळं हळूहळू बदलत जातं. कोणी ठराव करत नाही, कोणी कोणाला हाकलत नाही. सगळ्यांना वाटतं, आपण फक्त पाकीट बदललं. तुझ्या परदेशी पुस्तकांतले लोक दारूच्या कंपन्या आणि शेअर बाजार बघून असलं काही म्हणत होते. पण त्यांच्याकडं शांताबाई नव्हती. तू म्हणायचीस, संस्था समजून घ्यायची असेल तर एक बाई धर आणि ती कुठं उभी आहे ते दरवर्षी बघ.

दोन हजार सालानंतर बचत गटांचा बोलबाला झाला आणि काकीचा चिवडा पुण्याच्या प्रदर्शनात गेला. आता फळीवरचं नाव 'महिला बचत गटाचं उत्पादन'. साहेब लोकांना फोटो हवे होते, सगळ्या समाजाच्या बायका एकत्र दिसायला हव्या होत्या. सगळ्यांना एकसारख्या हिरव्या साड्या. आणि शांताबाई कुठं? स्टॉलच्या अगदी पुढं, मधोमध. साहेबांनी तिच्या हातून चिवडा खाल्ला, कॅमेरे लखलखले. शांताबाई मला हळूच म्हणाली, "शैलाताई, पाय दुखाया लागलं. त्या परीस नळावर बसायला तरी मिळत व्हतं." तू शेजारच्या स्टॉलच्या आडोशाला उभी राहून हसत होतीस. तुझ्या प्रबंधातलं शेवटचं प्रकरण तुला आयतं चालत आलं होतं. नाव नव्हतं तेव्हा कढईपाशी, उपवासाचं म्हणून नळाशी, बचत गट म्हणून फोटोत. तेल तेच, बटाटा तोच, हात तोच.

मी ते तिन्ही वेळा बघितलं होतं, रत्ने. तुझ्यापेक्षा जास्त दिवस बघितलं होतं. मला ते का दिसलं नाही, ह्याचा विचार करून मी किती डोकं शिणवलंय!

एकदा मी तो विचार तुझ्यासमोर बोलून दाखवला आणि आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं. मी म्हटलं, "तुला दिसलं कारण तू त्या घरात जन्मलीस. तुझ्या आजोबांनी धर्मच बदलला. नाव बदललं की लोक कसे वागतात, हे तुला लहानपणापासून माहीत. मला कुठून कळणार?" मला वाटलं, मी फार उदारपणे बोलतेय. तू चहाचा कप असा आपटलास की बशीला चीर गेली. "म्हणजे मी उन्हातान्हात एसटीनं हेलपाटे घातले, दुकानात तासन्‌तास उभी राहिले, वाचलं, लिहिलं, खोडलं, ते काहीच नाही? जन्मलीस म्हणून दिसलं! सोपं आहे गं. तुझ्या मार्कांबद्दल कधी म्हटलं का कोणी, की शेतकऱ्याची पोर म्हणून मिळाले?" मीही ऐकणारी नव्हते. मी म्हटलं, तेही एक कारण होतं असं मी म्हणाले, तेवढंच कारण होतं असं नाही. तू म्हणालीस, "मग पुढच्या वेळी आधी बाकीची कारणं सांग." आणि उठून गेलीस. मला अजूनही वाटतं, त्यात थोडं तथ्य होतं. आणि अजूनही मला ते नीट सांगता येत नाही, तुझा कप आपटलेला आवाज येतो.

तुझा प्रबंध छापून आला तेव्हा तू स्वतः पेठेला येऊन मला प्रत दिलीस. मी आधी शेवटची पानं उघडली. संदर्भसूचीत मी नव्हते. मग सुरुवातीला गेले. ऋणनिर्देशात होते, काकीच्या आणि शांताबाईच्या मधे, 'आदरातिथ्याबद्दल'. मिरच्या झोंबल्या मला. विचारलं तर तू सरळ सांगितलंस, "शैले, तुझ्या प्रबंधात आकडे होते. आकडे मी माझे जमवले. तुझं मत एकही नव्हतं, मग कशाचा संदर्भ देऊ?" दुसरी कोणी असती तर काहीतरी गोड बोलली असती. तुझ्या त्या खरेपणाचा मला जेवढा राग यायचा तेवढाच आधारही होता. मी काही लिहिलं की तुझ्याकडंच पाठवायचे, कारण चांगलं म्हणालीस तर ते चांगलं असणारच. दोनदाच म्हणालीस.

आणि त्याच वर्षी माझी तोंडी परीक्षा होती तेव्हा तू न सांगता येऊन विद्यापीठाच्या त्या लांब व्हरांड्यात बसून राहिली होतीस. मी बाहेर आले तर हातात उसाच्या रसाचा ग्लास. "झालीस ना डॉक्टर? चल, आता मत बनवायला शीक." हेवा करायला तूच लागायचीस आणि हेवा करून दमल्यावर टेकायलाही तूच लागायचीस. हे मी तुला कधी बोलले नाही. तू म्हणाली असतीस, किती बाळबोध वाक्य आहे.

मत बनवलं मी. आणि ते तुझ्याविरुद्ध निघालं. मी म्हणायचे, तू फळीला दोष देतेस आणि काकीला सोडतेस. फळी काय करते? बोलते का? शांताबाईला नळावर पाठवायचं काकीच्या मनात आधीपासून असणार. फळीनं फक्त निमित्त दिलं. नाहीतर काकीनं दुकानदाराला सुनावलं नसतं का, की आमच्या बायका आहेत, पटलं तर ठेव नाहीतर राहू दे? दोष माणसांचा असतो. माणसाला धरा, त्याच्याकडून कबूल करून घ्या, नियम करा, संस्था सुधारते. आणि तू, ज्या तुला चिडायचा सगळ्यात जास्त हक्क, ती तू म्हणायचीस, "तुझी काकी वाईट नाही गं. तीच काकी शांताबाईला कढईपाशी चहा नेऊन देत होती की नाही? बाई तीच, मन तेच. बदललं काय? माणसांना पकडून कबुलीजबाब घेत बसलीस तर जन्म जाईल. कुठल्या फळीवर बसायचं ते आधी बघ."

माझ्या काकीची बाजू तू घेणार आणि मी विरुद्ध बोलणार! त्यावरही मला जळायला झालं. काकीचा तर तुझ्यावर असा जीव की तू येणार म्हटलं की चुलीवर वेगळी भाकरी. मला म्हणायची, "तुज्यासारखी फाटकन बोलत न्हाई ती. समजून घेती." मी तिची सख्खी पुतणी! आणि तिला समजून घेतलं ते तू, जिच्या समाजाच्या बाईला तिनं नळावर बसवलं होतं. ह्याला काय म्हणावं?

दवाखान्यात शेवटचं भेटायला आले तेव्हा तुझा आवाज खोल गेला होता. मी मुद्दामच विषय काढला, तू चिडशील, उठून बसशील म्हणून. म्हटलं, तुझ्या सिद्धांतात माणसांना जबाबदारीच नाही. तू डोळे मिटूनच हसलीस. म्हणालीस, "तुझं कुठं चुकतं ते सापडलंय मला. पुढच्या वेळी सांगते, आज बोलवत नाही." मग काकीचा गुडघा कसा आहे ते विचारलंस. पुढची वेळ आलीच नाही. माझं चुकतं कुठं हे सांगायचं बाकी ठेवून गेलीस, ही तर तुझी हद्द झाली.

आता परवाचं सांगते. तुझ्या मांडवातून निघताना काकी आणि शांताबाई रस्त्याला गाडीची वाट बघत माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. पुण्यातल्या एका मोठ्या थंडगार दुकानाचा माणूस पेठेला येऊन गेला होता. त्याला चिवडा हवाय, भरपूर हवाय. गटाची बैठक बोलावली होती. काकी डोळे पुसत म्हणाली, "रत्नी आसती तर तिलाच बलीवनार व्हतो. आता तूच ये बाई." तुझ्या फोटोपुढच्या मेणबत्त्या विझल्या नव्हत्या आणि मी तुझ्या जागी दुसरी म्हणून नेमली गेले. अंगाचा तिळपापड झाला. पण ठरल्या दिवशी गेले.

शेडमध्ये सगळ्या बायका गोल बसल्या होत्या. त्या माणसानं सांगितलं होतं की त्याच्याकडं दोन जागा आहेत. एक उपवासाच्या मालाची, तिथं खप नक्की. दुसरी वेफर्स-कुरकुऱ्यांची, तिथं स्पर्धा, काही सांगता येत नाही, पण हळदीचा जुना चिवडा तिथं चालेल. हल्ली शांताबाई पुन्हा कढईपाशी असते, प्रदर्शनांचा जोर ओसरल्यापासून. ती कुठं उभी राहणार हेच त्या दिवशी ठरायचं होतं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

मी माझं मत मांडलं. उपवासाची जागा घ्या, हातचं सोडू नका. आणि घेण्याआधी नियम करा: कोणीही कढईपाशी उभं राहील, कोणालाही कुठल्याही दिवशी बाहेर बसवायचं नाही. काकीनं सगळ्यांसमोर तसं म्हणावं. काकी लगेच म्हणाली, "म्हनते की. कुनाला न्हाई म्हननार? शांते, तू माजीच हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्या वर्षांचं माझं म्हणणं चहा येईपर्यंत मंजूर झालं. कोणी खोडलं नाही, कोणी कप आपटला नाही. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं.

तेव्हा शांताबाई म्हणाली, "समदं बराबर हाय शैलाताई. पर रत्नाताई काय म्हनल्या आसत्या?"

मी म्हटलं, ती गेली, आता ते कसं सांगणार.

"तुमास्नी ठावं आसंल की. तुमीच तर भांडायचा तिच्यासंगं."

ठाऊक होतं गं. शब्दन्‌शब्द ठाऊक होता. मी गप्प राहू शकले असते. पण शांताबाई बघत होती, आणि तुझी बाजू मांडणारं त्या शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. मग मी सांगितलं. रत्ना म्हणाली असती की काकीचा नियम खरा आहे आणि काकी मनापासून बोलतेय. श्रावणात तो टिकेल. नवरात्रात दुकानाचा माणूस फोन करून विचारेल, बायका कोण आहेत, सोवळ्याचं लिहायचं का पाकिटावर? तेव्हाही काकी नाही म्हणेल. पुढच्या वर्षी काकी थकलेली असेल, तिच्या जागी दुसरी असेल, आणि शांताबाई स्वतःच म्हणेल, उगं बोलणी कशाला. नियम माणसांनी रोज पाळायचा असतो, फळीला मात्र दमायचं माहीत नाही. तुम्हाला रोज भांडायला लागेल अशा जागी बसू नका. जिथं कढईपाशी कोण आहे हे कोणी विचारतच नाही, तिथं बसा, चार पाकिटं कमी खपली तरी. आणि हे बोलता बोलता मला दिसलं की माझं कुठं चुकत होतं. मी चांगल्या माणसांवर हिशेब मांडत होते, आणि चांगली माणसं थकतात.

मग काकीच पहिली बोलली, "रत्नीचंच बराबर हाय. हळद घाला बायांनो." हात वर झाले. मी मोजायला नको म्हणून खाली बघत बसले. शेवटी माझाही हात वर होता.

म्हणजे तू पुन्हा जिंकलीस. तिरडीवरून उठून, माझ्या तोंडानं, माझ्याविरुद्ध, माझ्या काकीच्या शेडमध्ये. ह्याच्याइतका हेवा मला तुझा कधी वाटला नव्हता. पण एक सांगते, आणि हे खोडून दाखव. तुझी ती बाजू इतकी नेमकी, इतकी सोपी करून तू स्वतः कधी मांडली नव्हतीस. तुझ्या प्रबंधात नाही, परदेशातल्या परिषदेत नाही. ती मी मांडली. रत्ने, ते ऐकायला तरी थांबायचं होतंस.